लक्ष्मीअक्कांबरोबर चाललेल्या सत्त्याण्णव सकाळी

१९७३ साल, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, सकाळचे साडेसात. फी दोन रुपये. हजर तिघं: तुम्ही, मी आणि आमचे हे. लक्ष्मीअक्का, मला सुरुवात अशीच करता येते. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "वैनी, पंचनामा लिवताय व्हय?"

ह्यांनी त्या दिवशी रेल्वेच्या माल-ऑफिसात तासभर उशिरा येतो म्हणून कळवलं होतं. सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत तुम्ही आलात, पण खुर्ची पुढे केली तरी बसला नाहीत. पाचवारी सुती साडी, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट, काखेत काळी छत्री. साडीखाली बूट पाहून ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, आणि तुम्हीही पाहिलंत.

"म्हणजे तुम्ही नेमकं काय करणार?" ह्यांनी विचारलं.

"चालणार."

"आणि?"

"वैनी बोलल्या तर ऐकणार."

"नाही बोलल्या तर?"

"तरी चालणार की."

"ह्याचे दोन रुपये?"

"व्हय. पाऊस आला तर छत्री माझी."

हे हसले नाहीत. मालगाडीच्या वाघिणीबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं, किती खेपा लागतील. तुम्ही म्हणालात, "ते मला म्हाईत न्हाय." पुढं सव्वा वर्ष मीही तुम्हाला तेच विचारत राहिले आणि तुम्ही तेच उत्तर देत राहिलात.

दोन वर्षं आणि एक महिना मी आमच्या फाटकाबाहेर पडले नव्हते. कुसुमचं लग्न करून तिला मंगळवेढ्याला पाठवून पाच महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मंगळवारच्या बाजारात कांद्यांच्या ढिगाजवळ उभी असताना छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, माणसांचे आवाज लांबून येऊ लागले. मी मरते आहे, अशी माझी खात्री झाली. मी खाली बसले. माणसं जमली. फीट आली म्हणून कोणीतरी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. मी शुद्धीवर होते. सगळं कळत होतं. त्यानंतर बाजाराचं नाव काढलं तरी घाम फुटायचा, मग गल्लीच्या टोकाचं नाव काढलं तरी, मग फाटकाचं. धाकट्या जाऊबाईंनी अक्कलकोटहून अंगारा आणून लावला. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. कुसुम पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, नातू तीन महिने माझ्या मांडीवर वाढला आणि गेला. तिचं घर मी पाहिलेलं नव्हतं. चूल कुठल्या तोंडाची आहे, पाणी कुठून भरते, काही ठाऊक नव्हतं. मला एकदा एसटीत बसून तिच्या दारात उतरायचं होतं. माझं मागणं तेवढंच होतं आणि पहिल्याच दिवशी मी तुम्हाला ते सांगितलं.

तुम्ही कोण, हे गल्लीला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. शहराच्या पूर्व भागात, मागावर बसणाऱ्या तेलुगू घरात जन्म. चोवीस वर्षं दूरच्या एका मनोरुग्णांच्या इस्पितळात नर्स. नंतर परत येऊन भावाच्या घरी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा दवाखाना आहे ते डॉक्टर, तपासण्यांत काही न सापडलेली माणसं तुमच्याकडे पाठवायचे. त्यांच्या दवाखान्यात बाकडं एकच, आणि त्यावर कोण बसलंय ते येणारा-जाणारा बघतो. म्हणून तुम्ही रस्ता धरलात.

"तोंडासमोर तोंड करून बसलं की माणूस साक्षीला उभा राहिल्यागत बोलतो," तुम्ही म्हणायचात. "बाजूनं चाललं की त्याला वाटतं, रस्त्याशीच बोलतोय." इस्पितळाच्या बागेत रोग्यांबरोबर वाफ्यांना पाणी घालताना तुम्हाला हे कळलं होतं.

पहिल्या दिवशी फाटकाला हात लावून मी उभी राहिले तेव्हा तुम्ही घाई केली नाहीत. उभ्या उभ्या तुम्ही सांगितलंत की मी कुठेही थांबले तरी कारण विचारणार नाही. रडू आलं तर तुम्ही समोर बघत राहाल, पदर माझ्याजवळ आहेच. रस्त्यावर बोललेलं ह्यांनाही सांगणार नाही, डॉक्टरांनाही नाही. आणि मला न सांगता तुम्ही माझ्यापासून दूर जाणार नाही. हे शेवटचं मी दोनदा वदवून घेतलं.

मी विचारलं, कोणी ओळखीचं भेटलं तर तुम्ही माझ्या कोण म्हणून सांगू? मला खोटं बोलता येत नाही.

"मग खरं सांगा. चालायला निघालोय म्हनावं. खोटं कुटं हाय त्यात?"

त्या दिवशी मी बासष्ट पावलं गेले. गल्लीतल्या लिंबापर्यंत. मी पावलं मोजते आहे हे तुम्हाला परतताना कळलं.

"बोलता बोलता मोजता?"

"मोजलं नाही तर पडेन असं वाटतं."

"मग मोजा की. मला पन सांगत चला, माझं गनित कच्चं हाय."

पोस्टाची पेटी दोनशे दहा. तिथे पोचायला सात सकाळी लागल्या. पार्कचा कोपरा सहाशे चाळीस. तिथे एकदा माझे पाय जे रुतले ते सुटेनात. गिरणीचा भोंगा झाला, पाळीवरून सुटलेली माणसं सायकलींवरून अंगावर येऊ लागली आणि मला पुन्हा कांद्यांचा ढीग दिसू लागला. तुम्ही छत्री उघडून माझ्या अंगावर धरलीत. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्रीखाली आपण दोघी उभ्या होतो आणि सोलापूर बाहेर होतं.

"आता वाढंल," तुम्ही म्हणालात. "वाढू दे. वर गेलेलं खाली येतंयच. तुमच्या घड्याळात बघा, किती येळ लागतो."

नऊ मिनिटं लागली. पुढच्या खेपेला सात. मला तुम्ही माझ्याच भाषेत समजावत होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं.

गल्लीतल्या गंगूबाईंनी आपल्याला दर खेपेला बघून शेवटी विचारलंच. नळावर हंडा ठेवून, कमरेवर हात ठेवून. "काय वहिनी, सोमवार-गुरुवार दोघी कुटं निघता? कुनाची पोरगी बगताय काय?"

"चालायला," मी म्हणाले.

"घरात काम कमी पडलं व्हय, म्हनून चालायचं?"

तुम्ही म्हणालात, "तुमी पन चला की गंगूबाई. तुमच्या पोटाला बरं."

त्या पुन्हा विचारायला आल्या नाहीत. मला वाईट वाटलं, कारण त्यांचं पोट खरंच मोठं होतं. परत येताना मी तुम्हाला तसं बोललेही. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याचं वाईट वाटायला लागलं ना? मंजी सोताची भीती जरा दमली."

चपलेचं मी तुम्हाला बत्तिसाव्या सकाळी सांगितलं. ह्यांना सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं. किल्ल्याच्या तटाकडे बघत, एकेक शब्द वजन करून सांगितलं. तुम्ही छत्री दुसऱ्या काखेत घेतलीत. मग विचारलंत, "कुनाची व्हती?"

"काय कुणाची?"

"चप्पल."

मला संताप आला. मी म्हणाले, "बाजारातल्या हमालाची असेल, मला काय ठाऊक."

"मग बरी. सायबाची असती तर नवी, चावरी. हमालाची चप्पल लई चाललेली असती."

मी रागावून वीस-पंचवीस पावलं पुढे गेले आणि मला हसू आलं. तटाच्या सावलीत, भर रस्त्यात, पदर तोंडात धरून मी हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही समोर बघत राहिलात, रडण्याबद्दल ठरलं होतं तशाच.

अक्का, मी जे लिहिते आहे त्यात माझंच जास्त येतंय, हे मला दिसतंय. सत्त्याण्णव सकाळी असंच झालं. मी बोलायची, तुम्ही ऐकायचात, दोन रुपये माझ्या हातातून तुमच्या हातात जायचे. एकदाच मी विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते. तुम्ही म्हणालात, "घरी बसायची." मी हसले आणि पुढची पावलं मोजू लागले. आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. भावाच्या घरात तुम्हाला कुठली जागा होती, चोवीस वर्षं परक्या माणसांची समजूत काढून आल्यावर तुमच्याजवळ कोण बसत होतं, मी विचारलं नाही.

आणि दुसरं. किल्ल्याला वळसा घालून परत यायला आपल्याला आधी एक्केचाळीस मिनिटं लागायची. गेल्या पावसाळ्यानंतर पन्नास लागू लागली, मग पंचावन्न. तुम्ही तटाजवळ थांबायचात. "जरा किल्ला बघू दे की," म्हणायचात, छत्रीवर भार देऊन. मला वाटलं, माझं बोलणं वाढलं म्हणून वेळ वाढला. आकडे माझ्याजवळ होते, सगळे बरोबर होते. मी ते वाचले चुकीचे.

आता भांडणाचं.

ह्या जानेवारीतली गोष्ट. सिद्धेश्वराची जत्रा संपून तळ्याकाठची गर्दी ओसरली होती. आपण पहिल्यांदाच तळ्याच्या वाटेला लागलो होतो. मी कुसुमच्या पत्रातलं सांगत होते: नातू आता 'आजी' म्हणतो, पण भिंतीवरच्या फोटोला म्हणतो. बोलता बोलता मी उत्तरासाठी वळले आणि शेजारी तुम्ही नव्हता. मागे, बऱ्याच मागे, एका झाडाखाली तुम्ही उभ्या होता. छत्री वर करून दाखवलीत.

मला जे झालं ते बाजारातल्याहून वाईट होतं. तुम्ही चालत आलात, जोरात आला नाहीत. आल्यावर म्हणालात, "एकशे अठरा. मी मोजली. तुमची सवय लागली मला."

"तुम्ही शब्द दिला होतात," मी म्हणाले.

"दिला व्हता."

"न सांगता मागे राहणार नाही म्हणून."

"सांगून राहिले असते तर तुमी गेला असता का?"

"तो माझा प्रश्न आहे."

"वैनी, एकशे अठरा पावलं तुमी एकल्या गेलात."

"मी एकटी नव्हते. तुम्ही आहात असं धरून चालले होते. ते मोजायचं नाही."

"मोजायचं. पाय कुनाचे व्हते?"

मी दोन रुपये तुमच्या हातावर ठेवले आणि नमस्कार न करता घराकडे वळले. मला घरी एकटीला जाता येणार नव्हतं, म्हणून तुम्हाला माझ्या मागे दहा पावलांवरून यावं लागलं. फाटकापर्यंत दोघी बोललो नाही. त्या दिवशी तुम्हाला दम लागला होता, हे मला ऐकू येत होतं. मी वळून पाहिलं नाही. ती सत्त्याण्णवावी सकाळ.

पुढच्या सोमवारी तुम्ही आलात तेव्हा मी आतूनच सांगितलं, बरं नाही. गुरुवारीही तेच. खोटं बोलता येत नाही म्हणणारी मी, दोनदा बोलले. तिसऱ्या खेपेला तुम्ही आला नाहीत. मला वाटलं, आता त्यांचाही मान दुखावला, बरं झालं.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी डॉक्टरांचे कंपाउंडर दारात आले. म्हणाले, "लक्ष्मीअक्कांना दवाखान्यात ठेवलंय. छातीचं दुखणं हाय. तुमची चौकशी करत व्हत्या." कुठल्या दवाखान्यात, कुठली खोली, सगळं सांगून गेले. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा चपलाही न काढता म्हणाले, "चल, टांगा आणतो. अर्ध्या तासात पोचू."

मी नको म्हणाले.

अक्का, ह्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले. मी नको म्हणाले ते रागानं नाही. राग कंपाउंडर बोलत होते तेव्हाच गेला होता. मला तुमच्यासमोर चालत यायचं होतं. एकटीनं. खोलीच्या दारात उभं राहून पावलांचा आकडा सांगायचा होता आणि म्हणायचं होतं, ही मोजा, ही खरी. टांग्यातून, नवऱ्याच्या आधारानं येऊन माफी मागायची मला लाज वाटली. हे म्हणाले, "बाई आजारी आहे, तिला तुझ्या पावलांचं काय?" मी म्हणाले, "आमच्यातलं तुम्हाला कळणार नाही."

बुधवारी सकाळी निघाले. सहाशे चाळीसला, पार्कच्या कोपऱ्यावर, पाय थांबले. नऊ मिनिटं उभी राहिले, अकरा राहिले, ते खाली येईना. परत फिरले. गुरुवारी पुन्हा निघाले. पुन्हा सहाशे चाळीस. गुरुवारी संध्याकाळी ह्यांनी पुन्हा टांग्याचं विचारलं आणि मी म्हणाले, उद्या नक्की पोचते.

शुक्रवारी सकाळी मी पदर खोचत होते तेव्हा कंपाउंडर आले. पहाटे गेल्या, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी तुमच्या भावाच्या घरी आले. टांग्यातून, ह्यांच्याबरोबर. जायला पंचवीस मिनिटं लागली. ओटीवर माग थांबवलेला होता. पाच-सहा जण आमच्यासारखेच येऊन बसले होते. एक दाढीवाले मुसलमान गृहस्थ होते, ट्रकचा धंदा असलेले. एक शाळामास्तर वाटले. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. ट्रकवाले थोड्या वेळानं खाली बघत म्हणाले, "मंगळ-शनि चलते थे साथ में." बस, एवढंच. सगळ्यांनी मान हलवली. त्याआधी मला वाटत होतं, तुमचे सोमवार-गुरुवार सोडून बाकीचे वार रिकामे असतील.

तुमच्या भावजयींनी मला आत बोलावलं. त्यांचं मराठी तुमच्याहून तुटक. "तुमी सात रस्त्याच्या वैनी?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "अक्का सांगितली, त्या वैनी चालत येनार. टांग्यात येनार न्हाय. त्यांना येळ लागतो. मी म्हनलं, निरोप धाडू का पुन्हा. अक्का नको म्हनली. येऊ दे तिच्या पायानं."

घरी आल्यावर हे म्हणाले, "बघ, त्यांना कळलं होतं." माझं मन हलकं व्हावं म्हणून म्हणाले. पण अक्का, मी सरळ लिहिते: भावजयींनी ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. तुम्ही म्हणाला असलात तरी दाराकडे बघत म्हणाला असाल. तीन दिवस होते, टांगा होता, अर्धा तास लागला असता. भावजयींचं सांगणं खरं असेल तर मी हट्टी ठरते, आणि खोटं असेल तर मी तुम्हाला वाट बघायला लावून मारलं. दोन्हींत जमेच्या बाजूला मला काही सापडत नाही.

एकशे अठराचा वाद तसाच राहिला. मी अजूनही ती पावलं धरत नाही. तुम्ही शब्द मोडलात, आणि शब्द मोडून मिळालेलं मला नको आहे. पण तुमचा प्रश्नही मला सोडत नाही. तुम्ही सांगून मागे राहिला असतात तर मी गेले नसते. हे तुमच्यापाशी त्याच दिवशी कबूल करायला मला काय हरकत होती, ते मला आता समजत नाही.

तुम्ही गेल्यावर सोमवार-गुरुवार मी सोडले नाहीत. साडेसात ऐवजी आता सहाला निघते, उन्हाळा लागलाय. पहिले दोन आठवडे पार्कच्या कोपऱ्यापुढे गेले नाही. नुसती उभी राहायची आणि तुमच्याशी भांडायची, मनात. भांडता भांडता एक दिवस पुढे गेले. कशी ते सांगता येणार नाही, त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. गंगूबाई नळावरून म्हणाल्या, "एकल्याच का हल्ली? त्या बुटाच्या बाई कुटं हायत?" मी सांगितलं. त्यांनी हंडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या पोटाचं बोलल्या व्हत्या. खरंच व्हतं ते."

काल सोमवार होता. मी एसटी स्टँडपर्यंत गेले. पावलं साडेतीन हजारांच्या पुढे गेली, मग घोटाळा झाला. मंगळवेढ्याची गाडी लागलेली होती. मी चढले. दाराजवळच्या बाकावर बसले. कुसुमला कळवलेलं नव्हतं, ह्यांनाही सांगितलं नव्हतं. पिशवीत फक्त पाण्याचा तांब्या आणि नातवासाठी पाव किलो शेंगदाण्याची चिक्की.

गाडी सुटल्यावर कंडक्टर आला. "कुटं मावशी?"

मंगळवेढा हा शब्द तोंडात तयार होता. मी म्हणाले, "कामती." अर्ध्या वाटेवरचं गाव.

"कामतीत कोन हाय?"

"कोणी नाही."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिकीट फाडलं.

वाटेत ते दोनदा आलं. वर गेलं, खाली आलं. किती मिनिटांत, ते मी पाहिलं नाही. खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरलेली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली रानं, सगळं मोकळं. कामतीला मी उतरले. गाडी पाच मिनिटं थांबली. दार उघडं होतं आणि तिकीट पुढं वाढवता आलं असतं. मी खाली उभी राहिले. गाडी गेली, धूळ बसेपर्यंत मी तिच्याकडे बघत होते. मग तासभर एका हॉटेलच्या पत्र्याखाली बसले. हॉटेलवाल्यानं चहा विचारला, मी नको म्हटलं. त्याच्या लेकरानं पिशवीकडे पाहिलं, तेव्हा चिक्की त्याला दिली.

जाताना एक रुपया तीस पैसे. येताना एक रुपया तीस पैसे. परतीच्या गाडीत मी कंडक्टरला विचारलं, मंगळवेढ्याचं एका बाजूचं तिकीट किती पडतं. तो म्हणाला, दोन रुपये साठ. म्हणजे मंगळवेढ्याचे पैसे मी पुरते दिले; अर्धे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला, अर्धे येणाऱ्या गाडीच्या.